भाडेपावती कुणाच्या नावावर?



"सरकारने खोल्या दिल्या, तरी ही माणसं होती तिथंच राहिली," असं कुणी बोललं की आम्हाला आमच्या पॅसेजमधला दिवा आठवतो.

मुंबईतल्या ज्या सरकारी चाळीत आम्ही वाढलो, तिथे एका खोलीत सात माणसं. वडील गिरणीतून येऊन झोपले की आमचा अभ्यास पॅसेजमध्ये. तिथला दिवा गेला की कार्यालयातल्या वहीत तक्रार लिहायची. दहावीच्या परीक्षेआधी लिहिलेल्या तक्रारीचा बल्ब निकालानंतर लागला. रस्त्यावरचा खांब होता म्हणून निभावलं.

कागदाचं तसं निभत नाही. वडील वारले तेव्हा भाडेपावती त्यांच्या नावावर होती. खोली आपल्या नावावर व्हावी म्हणून आई तीन वर्षं खेपा घालत होती. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला. एक दिला की दुसरा मागायचे. प्रत्येक खेपेला धुणीभांड्याच्या कामाचा एक खाडा. त्यातच थोरल्या बहिणीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि रहिवासाचा पुरावा म्हणून मेलेल्या माणसाची पावती चालेना. मुदत गेली. ती शिवणकामाला लागली, आम्ही भाऊ मात्र शिकलो. हे लिहितानाही लाज वाटते.

अशा वेळी लोक आम्हाला बाबासाहेबांचा दाखला देतात. तेही परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले, जिद्द हवी! अरे, बाबासाहेबांनी हाल सोसले ते पुढच्यांना सोसावे लागू नयेत म्हणून. आपल्या निष्काळजीपणावर पांघरूण घालायला त्यांचं नाव कशाला घेता?

आता वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचं घर. आम्हाला आनंदच आहे; हे घर हक्काचं आहे, उपकाराचं नाही. पण लिफ्ट बंद पडली तर आठव्या मजल्यावरची म्हातारी खाली कशी येणार? देखभालीचा खर्च कोण ठरवणार, हिशेब कोण दाखवणार? चाव्या देताना फोटो निघतात, हिशेबाच्या वहीचा फोटो आम्ही अजून पाहिलेला नाही.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बैठक गेल्या महिन्यात झाली. पुढच्या खुर्च्यांवर सगळे पुरुष. घराच्या आकारावर दोन तास वाद चालला. शेवटी बहीण मागून उठली आणि एवढंच विचारलं, "घर बाईच्याही नावावर लागणार का, ते आज लिहून द्या." अध्यक्ष म्हणाले, पुढच्या बैठकीत बघू. ती खाली बसली नाही.