पाचवा मॉनिटर

मुंबई, रविवार

प्रिय सुहास,

तुझी मेल वाचून आधी फोनच लावणार होतो, पण मॉन्ट्रियलला तेव्हा पहाटेचे चार वाजले असते. शिवाय हे बोलून सांगण्यापेक्षा लिहिलेलं बरं. मशीन उघडशील तेव्हा शेजारी ठेवता येईल.

आधी जीव भांड्यात पडू दे. कार्ड, केबल, मॉनिटर सगळं ठणठणीत आहे. तुझं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ३०६०, एका वेळी चारच मॉनिटर चालवतं. तू डिस्प्लेपोर्टला हब लावलास, त्याने केबल खोचायला जागा वाढली, पण चित्र बाहेर पाठवायची सोय चिपच्या आत चारांपुरतीच आहे. म्हणून पाचवा चालू केलास की आधीचा एक बंद पडतो.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा. मदरबोर्डच्या मागच्या एचडीएमआयला पाचवा मॉनिटर लावायचा आणि बायोसमध्ये जाऊन ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ चालू करायचं. वेगळं कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, त्यामुळे अनेकांना ते पोर्ट गेलेलंच वाटतं. पण तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ दिसतोय, म्हणजे त्यात ग्राफिक्सच नाही. तेव्हा दुसरं कार्ड घ्यावंच लागेल.

आणि दोन कार्डं लावणं म्हणजे जुगाड, असं जे तुला तिथल्या दुकानात सांगितलं, ते मला मुळीच मान्य नाही. ही पद्धत पीसीइतकीच जुनी आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत एकरंगी एमडीए आणि रंगीत सीजीए अशी दोन्ही कार्डं एकत्र बसायची, कारण दोघांची मेमरी वेगवेगळ्या पत्त्यांवर होती. प्रोग्रॅमर रंगीत पडद्यावर प्रोग्रॅम चालवायचे आणि हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर त्यातल्या चुका शोधायचे. १९८७ च्या मॅकिंटॉश टूमध्ये तर सहा स्लॉट होते. त्यात जितकी कार्डं बसवाल तितके मॉनिटर, आणि सगळे मिळून एकच सलग डेस्कटॉप. विंडोजला हे शहाणपण १९९८ साली आलं, पण आलं तेव्हा एकदम नऊ मॉनिटरांपर्यंत. एका कार्डावर दोन मॉनिटर घरोघरी पोचवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते मॅट्रॉक्सवाले तुझ्या शेजारचे, डोर्व्हालचे! त्यांचं १९९९ चं जी४०० कार्ड इथे लॅमिंग्टन रोडवर काचेआड दिसायचं तेव्हा मी मुद्दाम थांबून बघायचो.

मध्ये एक वाईट काळ येऊन गेला. विंडोज व्हिस्टामध्ये सगळी कार्डं एकाच ड्रायव्हरवर चालणारी असावी लागायची. वेगळ्या कंपनीचं कार्ड लावलं तर त्याचा पडदा काळाच राहायचा. विंडोज ७ पासून ते बंधन गेलं. तुझ्या दुकानदाराच्या डोक्यात बहुधा तेच दिवस बसले असावेत.

एसएलआय लागेल का, असंही विचारलं आहेस. नाही. एसएलआयसाठी दोन कार्डांमध्ये छोटा पूल बसवायचे, तो दोघांनी मिळून एकच चित्र भराभर काढावं म्हणून, गेमसाठी. आपल्याला नेमकं उलटं हवंय, प्रत्येक कार्डाने आपापले मॉनिटर सांभाळायचे. दोन्ही कार्डं सारखी असायचीही गरज नाही. म्हणून दुसरं ३०६० घेऊ नकोस, पैसे वाया जातील आणि खोली उगाच तापेल.

माझं मत जीटीएक्स १६५० घे. सेकंडहँड चालेल. हे साधारण ७५ वॅटचं कार्ड आहे आणि स्लॉटमधून तेवढीच वीज मिळते, त्यामुळे बऱ्याच मॉडेलना एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही. घेताना वरच्या कडेला वायरीचं सॉकेट नाही ना, एवढं बघून घे. मुख्य म्हणजे ३०६० आणि १६५० दोन्ही एकाच ड्रायव्हरवर चालतात. जीटी ७१० स्वस्त मिळतं, चार एचडीएमआय असलेलंही मिळतं, पण त्याचा मोह धरू नकोस. त्या पिढीसाठी नव्या ड्रायव्हरची वाट २०२१ मध्ये ४७० या आवृत्तीपाशी संपली. ते घेतलंस तर तुझं ३०६० सुद्धा त्याच जुन्या ड्रायव्हरला बांधलं जाईल, आणि तुझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर दरवर्षी नवा ड्रायव्हर मागतं.

आता खरी मेख आहे स्लॉटमध्ये. तुझ्या बोर्डावर खाली दुसरा लांब स्लॉट आहे, वरच्यासारखाच दिसणारा. मशीन बंद करून, वायर काढून, त्यात टॉर्च मारून बघ. सोनेरी पिना पूर्ण लांबीभर आहेत, की सुरुवातीला थोड्याशा आणि पुढे नुसतंच प्लॅस्टिक? अर्ध्याअधिक बोर्डांवर दुसरी परिस्थिती असते. रूप सोळा लेनचं, म्हणजे माहिती जायच्या सोळा वाटांचं, आणि आत चारच लेन. चार असतील तर बिनधास्त राहा. एकच असेल तर मात्र विचार करावा लागेल.

का, ते सांगतो. मोठ्या कार्डाने काढलेलं चित्र छोट्या कार्डाच्या मॉनिटरवर दाखवायचं असेल, तर प्रत्येक फ्रेम इकडून तिकडे न्यावी लागते. फोर-के ची एक फ्रेम साधारण ३३ एमबी. सेकंदाला ६० म्हटल्या तर जवळजवळ दोन जीबी. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटच्या एका लेनमधून सेकंदाला जेमतेम एक जीबी जातो, चार लेनमधून चारच्या आसपास. एकाच लेनवर फोर-के चा व्हिडिओ लावलास आणि विंडो ओढत एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर नेलीस, की हद्द ओलांडताच चित्र अडखळायला लागेल. पाहणाऱ्याला वाटतं मॉनिटर खराब आहे.

म्हणून मॉनिटरची वाटणी विचारपूर्वक कर. टाइमलाइन, प्रीव्ह्यू, स्कोप ही हलती-फिरती मंडळी ३०६० वर. स्क्रिप्ट, मेल, फुटेजची यादी, म्हणजे जिथे फक्त अक्षरं बसून असतात, ते १६५० वर. आणि एडिटिंगच्या डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मेमरी व जीपीयूच्या सेटिंगमध्ये आपोआप निवडायची खूण काढून फक्त ३०६० निवड. छोटं कार्ड मदतीला घेतलं तर त्याच्या चार जीबी मेमरीत मोठ्या कार्डाचे बारा जीबी अडकून पडतात. या एका खुणेवर सगळा वेग अवलंबून आहे, विसरू नकोस.

कार्ड बसवताना दोघांच्या मध्ये हवा खेळायला जागा ठेव. वरच्याचे पंखे खालच्याच्या पाठीला चिकटले तर एडिट एक्सपोर्ट होईपर्यंत वरचं कार्ड भाजून निघेल.

मी स्वतः येऊन बसवून दिलं असतं तर किती बरं वाटलं असतं! तुझी ती कोळ्यांवरची फिल्म सलग पाच पडद्यांवर मांडलेली मला बघायची आहे. तोवर दुसऱ्या स्लॉटचा जवळून फोटो काढून पाठव आणि बोर्डाचं मॉडेलही लिही. मी लेन किती ते तपासून कळवतो, मगच कार्डाचे पैसे दे. वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझा,
विनय