चौथ्या दिवसाचा आकडा

अण्णांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, हे नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच. 'ते रक्ताच्या आकड्यांचं काय म्हणत होतीस गं?' असं रोज फोनवर विचारताय, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी मराठीची बी.ए.; पण विश्रांतवाडीत आमच्या घरी रिपोर्ट आला की तो वाचायचं काम माझंच!

शरीरात दाह झाला की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, भराभर तयार करतं. टिलेट आणि फ्रान्सिस यांनी १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात ते टिपलं. न्यूमोनियाच्या जंतूतल्या 'सी' घटकाला ते चिकटतं, म्हणून हे नाव. (सी जीवनसत्त्वाशी संबंध नाही. वहिनी, लिंबू-सरबत पुरे!)

ऑपरेशनआधी अण्णांचं सीआरपी १० च्या वर आणि अल्ब्युमिन ३.५ च्या खाली होतं. ग्लासगोच्या डॉक्टरांनी या दोन आकड्यांवरून गुणपद्धती बसवलीय; दोन्ही बिघडलेले असले की २ गुण. इथे जास्त गुण म्हणजे वाईट. अशा रोग्यांना पुढे सरासरीने जड जातं. पण वर्गाच्या सरासरीवरून एका पोराचा निकाल कुठल्या बाईंनी लावलाय?

खरी घालमेल ऑपरेशननंतरची. कापाकापीनेच सीआरपी चढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. दाह शमला की मग साधारण १९ तासांत निम्मं होत जातं. उतरलंच नाही, तर आतड्याच्या जोडातून गळती तर नाही ना, ही शंका. कधीकधी ताप, पोटदुखी सुरू व्हायच्या आधीच ती येते. चौथ्या दिवशी सव्वाशे-दीडशेच्या खाली असेल तर गळतीची भीती बरीच कमी. वर असेल तर गळतीच आहे असं मात्र नाही. छातीतल्या किंवा जखमेतल्या संसर्गानेही ते चढतं. म्हणजे भरवसा कमी आकड्याचा जास्त.

अण्णांचे आकडे: १८२, १७१, ९४. तिसरा आकडा चौथ्या दिवसाचा. तो येईपर्यंत वहिनीने घोटभर चहासुद्धा घेतला नव्हता. (१७१ ऐकून तिकडे भाचा हादरला. त्याच्याकडे डेसिलिटरमागे मोजतात, आपल्या रिपोर्टवर लिटरमागे, दहापट फरक!)

असो. लसिकाग्रंथींचा रिपोर्ट गुरुवारी येईल. केमो द्यायची की नाही ते त्यावर ठरेल, सीआरपीवर नाही. अण्णांना सध्या मऊ भात आणि मुगाचं वरण चालतंय. भेटायला चारनंतर या, आणि डबे आणू नका.