आईचं लुगडं आणि एस्तेर राणी



तू बिश्वात झाला की आमच्या लोद शहरात दुकानांच्या दारावर पुरीमचे पोशाख लटकू लागतात. राजकन्या, पोलिस, वाघ, विदूषक, सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले. पैसे द्यायचे आणि मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवायचं. मी कुणाला नावं ठेवत नाही. हल्लीच्या आया दिवसभर कामावर असतात, त्यांनी रात्री मशीनवर कधी बसायचं? पण आमच्या घरात मात्र त्या सुमाराला नातवंडांचे फोन सुरू होतात, "आजी, मशीन चालू आहे का?"

मशीन चालू आहे. उषाचं हातमशीन आहे ते. 1972 साली आम्ही अलिबागहून इस्राएलला आलो तेव्हा सामानाच्या वजनात बसेना, म्हणून पितळेची भांडी मागे ठेवली आणि मशीन आणलं. सासूबाई रागावल्या होत्या. म्हणाल्या, "भांडी आयुष्यभर पुरतात." पण मशीनही पुरलं.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की पुरीमला सोंग घ्यायची रीत आजीने लहानपणापासून पाहिली असेल. तसं नाही. आमच्याकडे अलिबागला पुरीमला होळीचा सण म्हणायचे. आपल्या बेने इस्राएल लोकांनी सणांना अशी मराठीच नावं दिली होती. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, तसा पुरीम म्हणजे होळीचा सण. आदल्या दिवशी मोठी माणसं उपास करीत. संध्याकाळी इस्राएल आळीतल्या मशिदीत (सिनागोगला आम्ही मशीदच म्हणायचो) एस्तेरची मगिला वाचत आणि हामानाचं नाव आलं की आम्ही पोरं जमिनीवर पाय आपटायचो. दुसऱ्या दिवशी आई पुरणपोळ्या करायची. सोंगं घ्यायची ती शेजारपाजारची मुलं, शिमग्याला. तोंडाला रंग लावून, कुणी बाईचं लुगडं नेसून दारोदार पैसे मागत फिरायची. आम्ही ओट्यावर उभं राहून हसायचो.

मग इथे आलो. 1973 साली माझी थोरली मुलगी चार वर्षांची होती आणि गानमध्ये, म्हणजे बालवाडीत, जायची. एक दिवस गनेनेतने तिच्याबरोबर चिठ्ठी पाठवली. उल्पानमध्ये मी जेमतेम अक्षरं शिकले होते. चिठ्ठी घेऊन वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कोच्या शेजारणीकडे गेले. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची येत नव्हती. तिने डोक्यावर वाटी ठेवून राजाचा मुकुट करून दाखवला, मग मिशा काढून दाखवल्या, मग नाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "तखपोसेत! तखपोसेत!" तेव्हा मला कळलं की मुलीला सोंग घेऊन पाठवायचं आहे.

हातात पैसे नव्हते. यजमान नुकते कामाला लागले होते, पहिल्या पगारात पलंग आणि रॉकेलची शेगडी आली होती. कापड घ्यायचं कुठून? रात्री पेटी उघडली. वर आईने दिलेलं लुगडं होतं. हिरवं इरकली, नऊ वार, लाल काठ आणि लाल टोप-पदर. निघताना आई म्हणाली होती, "तिकडे सणाला नेस." मी पाचवारी नेसणारी. ते लुगडं मी कधी नेसले नव्हते.

बराच वेळ कात्री हातात घेऊन बसले. मग कापलं.

शिवणाऱ्यांना सांगते, नऊवारी लुगड्यात काय काय निघतं. काठाकडचा भाग घेराला ठेवला, म्हणजे खाली दुमडायचं कामच राहिलं नाही. कमरेला नेफा करून नाडी ओवली. वरचं पोलकं कापडाच्या मधल्या भागातून काढलं. टोप-पदराची ओढणी केली. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मुकुट केला आणि त्यावर उरलेल्या काठाची पट्टी खळीने चिकटवली. एक चूक मात्र केली. माप अंगाचं घेतलं. पुरीमला इथे थंडी असते, पाऊसही असतो, हे ध्यानात आलं नाही. सकाळी पोलकं स्वेटरवर चढेना. शेवटी मुलगी तशीच कुडकुडत गेली. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, पुरीमच्या पोशाखाचं माप नेहमी स्वेटर घालून घ्यावं आणि वर चार बोटं ढिलं ठेवावं.

जाताना काय दिसत होती पोर! एस्तेर राणी साक्षात. काजळ घातलं, हातात हिरव्या बांगड्या घातल्या.

दुपारी आली ती रडत. बालवाडीत कुणी काउबॉय होता, कुणी परिचारिका, कुणी पोलिस. मुलं तिला म्हणाली, "तू सोंग कुठे घेतलंस? तू तर होदीतच आहेस." होदीत म्हणजे हिंदुस्तानी बाई. रस्त्यात आपल्या बायका साड्या नेसून जाताना त्या मुलांनी पाहिल्या होत्या. त्यांना वाटलं, ही तर घरचेच कपडे घालून आली. लहान मुलं ती, त्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण माझ्या मुलीने तो पोशाख काढला आणि पुन्हा हात लावला नाही. पुढच्या वर्षी म्हणाली, "मला तखपोसेत नको." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. शाळेचा पांढरा सदरा घालून जायची.

मी पोशाख घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. ते आता लुगडंही नव्हतं आणि पोशाखही नव्हता.

आईची पत्रं यायची. प्रत्येक पत्रात, मुली कशा आहेत, थंडी सोसते का, आणि शेवटी एक ओळ, "लुगडं नेसतेस का?" मी लिहायची, "होय आई, सणाला नेसते." एकदा तर लिहिलं की मशिदीत सगळ्या बायकांनी काठाचं कौतुक केलं. आई 1979 साली अलिबागला वारली. तिने ते खरंच मानलं असणार. ही गोष्ट मी माझ्या यजमानांनाही सांगितली नव्हती. आज या पानावर पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढे मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी पुष्कळ शिवलं. आमच्या इमारतीत मोरोक्को, रोमानिया, इराक, कोचीन, सगळीकडची माणसं होती. जुन्या पडद्याचे राजे झाले, चादरींचे प्रधान गुरुजी झाले, सुताच्या पोत्याचा एक हामानसुद्धा झाला. मोबदल्यात मोरोक्कोची शेजारीण मिठाया पाठवायची. मुलांनो, पुरीमला शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाऊचं ताट पाठवायचं असतं, त्याला मिश्लोआख मानोत म्हणतात. माझी ताटं शिवणकामाने भरून परत जायची.

1991 सालचा पुरीम आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. 18 जानेवारीला पहाटे इराकची पहिली क्षेपणास्त्रं पडली. रेडिओवर "नाहाश त्सेफा, नाहाश त्सेफा" ऐकू आलं की सगळ्यांनी एका बंद खोलीत जायचं. खिडकीला प्लॅस्टिक, फटींना चिकटपट्ट्या, दाराखाली ओला टॉवेल, आणि तोंडावर गॅसमास्क. माझा धाकटा तेव्हा आठ वर्षांचा होता. शाळा काही आठवडे बंद होती. उघडली तेव्हा गॅसमास्कची पुठ्ठ्याची पेटी खांद्याला लावूनच मुलांनी बाहेर पडायचं असा नियम होता. त्याला पेटीची भीती वाटायची. बाहेर जायला तयार व्हायचा नाही.

मी पेटीला खोळ शिवली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाचे गोल लावले, कडेने लाल दोरीची वीण घातली, पट्टा लांब केला. पेटीची ढोलकी झाली. मग फेटा शिवला, आणि मुलगा ढोलकीवाला झाला. पुरीमच्या आधीचे आठ दिवस तो पेटीवर थापा मारत फिरत होता. आपल्या लग्नातला ढोलकीवाला त्याने पाहिलेला होता, त्यामुळे तोंडाने आवाजही काढायचा.

त्या वर्षी पुरीम 28 फेब्रुवारीला आला आणि त्याच दिवशी लढाई थांबली. रेडिओवर सांगितलं, आता खोल्या उघडा. सगळ्या इमारतीत चिकटपट्ट्या ओढल्याचा आवाज येत होता. धाकटा ढोलकी वाजवत खाली गेला, आणि त्या दिवशी कुणी त्याला सोंग कुठे आहे म्हणून विचारलं नाही. खिडकीचं प्लॅस्टिक मी टाकलं नाही. पुढच्या वर्षी त्याचा कोळ्याचा पावसाळी डगला झाला. प्लॅस्टिक मशीनच्या पायाला चिकटतं, सरकत नाही. त्यावर पातळ कागद ठेवून शिवावं आणि मग कागद फाडून काढावा.

आता 2025 सालच्या पुरीमची गोष्ट. या धाकट्याची मुलगी, माझी नात, नऊ वर्षांची होती. माझ्या पेटीत काहीतरी शोधताना तिला तो हिरवा पोशाख सापडला. म्हणाली, "आजी, मला हाच हवा." मी म्हटलं, "अगं, हा चार वर्षांच्या मुलीचा आहे." ती म्हणाली, "मग मोठा कर."

माझी नजर आता सुईत दोरा ओवण्याइतकी राहिलेली नाही. म्हणून थोरलीला बोलावलं. ती तेव्हा छप्पन्न वर्षांची होती, तिचेच केस पिकले होते. तिने पोशाख पाहिला आणि काही बोलली नाही. आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो आणि जुनी शिवण उसवायला घेतली. सुती कापड पन्नास वर्षांत विरलं होतं, तरी काठ तसाच लाल होता. उसवता उसवता मी तिला पत्रांची गोष्ट सांगितली. आजीला मी काय लिहायची ते सांगितलं.

थोडा वेळ ती टाके उसवत राहिली. मग म्हणाली, "आई, मी मुलांच्या बोलण्याने रडले ते त्याच दिवसापुरतं. पण रात्री तू पेटीपाशी बसून रडत होतीस, ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, मी सोंग मागितलं म्हणून तू तुझी चांगली साडी कापलीस. म्हणून मी पुन्हा मागितलं नाही."

वाचकहो, बावन्न वर्षं मी समजत होते की माझ्या मुलीला माझ्या शिवण्याची लाज वाटली. चार वर्षांच्या मुलीला इतकं कळलं असेल का? की आता मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली? कोण जाणे. मी विचारलं नाही. तिने सुईत दोरा ओवून दिला, मी घेतला.

घेर पुरेना. मध्ये बाजारातून आणलेल्या हिरव्या कापडाच्या कळ्या घातल्या. नवा हिरवा आणि जुना हिरवा जुळत नाहीत, लांबूनही दिसतं. जुन्या शिवणीची भोकंही दिसतात. पोलकं मात्र या वेळी स्वेटरवरून मापलं.

नात तो घालून शाळेत गेली. परत आल्यावर मी भीतभीतच विचारलं, "काय म्हणाली मुलं?" ती म्हणाली, "विचारलं, तू कोण आहेस? मी सांगितलं, माझ्या आजीची आई." मी म्हटलं, "अगं, एस्तेर राणी ना?" ती म्हणाली, "एस्तेर चार जणी होत्या, आजी. पणजी मी एकटीच होते."

त्या वर्षी आणखी एक गंमत झाली. पुरीम आणि धुळवड एकाच दिवशी आली, शुक्रवारी 14 मार्चला. मुलांनो, यात नवल नाही. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी येतो आणि होळी फाल्गुनाच्या पौर्णिमेला. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात. दोन्हीकडे मधूनमधून एक महिना वाढवतात, त्यांचा अधिक महिना आणि आपला दुसरा अदार. ते एकाच वेळी येत नाहीत, म्हणून कधी सणांत महिन्याचं अंतर पडतं, आणि कधी दोन्ही एकत्र येतात. आपल्या पूर्वजांनी पुरीमला होळीचा सण उगाच म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी अलिबागहून जुन्या शेजाऱ्यांच्या मुलीने फोनवर फोटो पाठवला, सगळ्यांची तोंडं गुलाबी. मी तिला नातीचा फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "हे तर काकींचं लुगडं!"

तिला आठवत होतं. मी उत्तर लिहिलं, "होय. सणाला नेसलं."

सर्वांना पुरीम सामेयाख.