जैतून नसलेल्या जैतूनला

आमच्या परसाच्या कुंपणाला चार पांगारे आहेत. सासऱ्यांनी मिरीचे वेल चढवायला लावलेले. वसंतात पाने झडतात आणि झाडावर नुसती लालभडक फुले उरतात. याच झाडावरून चीनमधल्या एका बंदराला नाव मिळाले, आणि ते नाव कधी काळी अरबस्तानापासून युरोपपर्यंत ठाऊक होते, हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हते.

शाळेत मी उर्दू आणि इतिहास शिकवते. इब्ने बतूताच्या सफरनाम्यावर एक तास घ्यायचा होता, म्हणून तयारी करत होते. कालिकतहून चीनकडे निघालेला हा माणूस चौदाव्या शतकाच्या मध्यावर 'जैतून' नावाच्या शहरात उतरला. उतरताच लिहून ठेवतो की इथे जैतून नाहीत, साऱ्या चीनमध्ये नाहीत, हे फक्त नाव आहे. वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, मग नाव कशाचं?" मला उत्तर येईना. उत्तर शोधता शोधता प्रवासाची वही सुरू झाली.

त्या शहराचे आजचे नाव छ्वानचौ. फुजियान प्रांतात, तैवानच्या समोरच्या किनाऱ्यावर. कर्कवृत्ताच्या थोडे वर, म्हणजे हवा आपल्याला परकी नाही: दमट, पावसाळी, उन्हाळ्यात घामाची. दहाव्या शतकात तिथल्या तटाभोवती 'त्सथुंग' नावाची झाडे लावली होती. त्सथुंग म्हणजे आपला पांगारा. अरब खलाशांच्या जिभेवर त्सथुंगचे जैतून झाले. सॅटिन कापडाचे नावही या जैतूनवरूनच आले असे मानतात.

आम्ही राहतो ते चौलजवळ. अल-मसऊदी हिजरी 304 मध्ये आमच्या या बंदरावर आला होता. त्याने याचे नाव 'सैमूर' लिहिले आहे, आणि इथल्या मोठ्या मुस्लिम वस्तीचे वर्णन केले आहे. एकाच समुद्रावरची ही दोन बंदरे. आमचे गाळाने भरले, त्यांचेही मागे पडले. फरक एवढाच की 2021 मध्ये छ्वानचौ जागतिक वारसा यादीत गेले, आणि आमच्याकडे रेवदंड्याचा किल्ला बघायला शनिवार-रविवारी गाड्या येतात.

घरात विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चीन? तिथे खाल काय?" प्रश्न रास्त आहे. फुजियानी स्वयंपाकात डुकराची चरबी तेलासारखी वापरतात. भाजी मागितली तरी ती चरबीत परतलेली असू शकते. म्हणून दोन चिनी अक्षरे आम्ही तिघांनी, म्हणजे मी, यांनी आणि मुलीने, कागदावर गिरवून ठेवली आहेत: 'छिंग' आणि 'चन'. छिंगचन म्हणजे हलाल. वायव्य चीनमधले हुई मुसलमान हाताने ओढलेल्या शेवयांची छोटी दुकाने जवळजवळ प्रत्येक शहरात चालवतात, त्यांच्या पाटीवर ही अक्षरे असतात. पूर्वी शेजारी अरबीही असे. अलीकडे बऱ्याच ठिकाणी ती काढायला लावली आहे, म्हणून अरबी शोधत बसू नये. बाकी खजूर, चणे, थेपले आणि सासूबाईंचे सुके बोंबील.

यांचा प्रश्न पैशांचा होता. तिघांचे तीन लाखांच्या घरात जातील. "एवढ्यात उमरा होईल," ते म्हणाले. उमरा आम्ही चार वर्षांपूर्वी केला आहे, पण पुन्हा जावेसे कुणाला वाटत नाही? इल्मासाठी चीनपर्यंत जाण्याचे वचन मी पुढे केले असते, पण त्याची सनद कमजोर असल्याचे मीच वर्गात सांगते. मग गप्प बसले. दोन दिवसांनी त्यांनीच भिशीचा हिशेब मांडला.

भाईजानचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. ते फोनवर म्हणाले, "शिनजियांगमध्ये वीगर मुसलमानांवर काय गुजरतंय ते वाचतेस ना? आणि तिथे मस्जिदी बघायला जाणार?" वाचते. 2022 साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने त्यावर अहवाल काढला, तोही वाचला. छ्वानचौ तिथून हजारो किलोमीटर दूर आहे, हे उत्तर मला स्वतःलाच पटत नाही. पण कुणी बघायला गेलेच नाही तर जे उरले आहे त्याची आठवणही कुणाला राहणार नाही, असेही वाटते. भाईजानना मी एवढेच म्हटले की दुकानदारी करायला नाही चालले, कबरी बघायला चालले आहे.

कबरींची गोष्ट सांगते, कारण खरे तर त्यासाठीच जायचे आहे.

छ्वानचौच्या छिंगचिंग मस्जिदीवर अरबीत कोरले आहे की ती हिजरी 400 मध्ये, म्हणजे 1009-10 साली बांधली आणि हिजरी 710 मध्ये शिराजच्या एका अहमदने दुरुस्त केली. उंच दगडी कमान उभी आहे, नमाजगाहच्या भिंती उभ्या आहेत, छत नाही. शहराच्या पूर्वेला लिंगशान टेकडीवर दोन मजार आहेत. ते सहाबांचे आहेत असे तिथे मानतात. इतिहासकारांना पुरावा सापडत नाही, मीही तसे ठासून सांगणार नाही. पण 1417 चा एक शिलालेख तिथे आहे. चीनचा मुसलमान दर्यासारंग झेंग हे होर्मुजकडे निघण्यापूर्वी इथे येऊन गेला, असे त्यावर लिहिले आहे. हाच झेंग हे आपल्या कालिकतलाही येत असे.

1357 ते 1366 या काळात शहरात परदेशी मुसलमान फौजेचे बंड झाले. ते मोडल्यावर कत्तली झाल्या, वाचलेले किनाऱ्यावरच्या खेड्यांत पळाले. कब्रस्ताने ओस पडली. इराण-अरबस्तानातून आलेल्या व्यापाऱ्यांचे, काझींचे, त्यांच्या मुलाबाळांचे कोरीव दगड पुढे शहराच्या तटबंदीत भराव म्हणून गेले. पळालेल्यांपैकी दिंग घराणे छनताई गावात आजही आहे. गावात आता बुटांचे कारखाने आहेत. घराण्यातले बहुतेक लोक नमाज विसरले, इतरांसारखे पूर्वजांना नैवेद्यही दाखवू लागले. फक्त त्या नैवेद्यात डुकराचे मांस ठेवत नाहीत. मुलीला हे सांगितले तर ती म्हणाली, "एवढंच राहिलं?" मी म्हटले, सहाशे वर्षांत एवढे राहिले.

विसाव्या शतकात तो तट पाडला जाऊ लागला तेव्हा दगड बाहेर आले. ते पायऱ्यांना, पुलांना, घरांच्या पायांना जाऊ लागले. तिथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारे वू वेनल्यांग नावाचे मास्तर होते. मुसलमान नव्हते. ते ढिगाऱ्यांतून दगड शोधत, विकत घेत, घरी आणून ठेवत. 1957 मध्ये त्यांनी या शिलालेखांचे पुस्तक काढले, आणि संग्रह देशाला देऊन टाकला. आज छ्वानचौच्या सागरी संग्रहालयात ते दगड रांगेने उभे आहेत. त्यांत आपल्या तमिळ व्यापाऱ्यांच्या हिंदू मंदिराचेही अवशेष आहेत. एका मास्तराच्या पगारात किती दगड येत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण काही वर्षांपूर्वी आमच्या कब्रस्तानाची भिंत नव्याने बांधली, तेव्हा कडेचे दोन-तीन जुने कोरीव दगड पायात गेले. कुणाचा वाईट हेतू नव्हता. दगड चांगले होते, गवंड्याला हवे होते, आणि त्यांवरचे कुणाला वाचता येत नव्हते. मला आले असते. मी शाळेत जाताना रोज तिथून जात होते, ढीग दिसत होता, वाकून पाहिले नाही.

तर बेत असा आहे. मे महिन्यात पाऊस आणि उकाडा, जुलै ते सप्टेंबर वादळे, म्हणून दिवाळीची सुट्टी. तेव्हा पांगारा फुललेला नसेल, त्याला इलाज नाही. विमान वाटेत बदलावे लागेल. शियामेनला उतरले की वेगवान रेल्वेने छ्वानचौ पाऊण तासाच्या आत. व्हिसा लागतो, तो आधी हातात घेऊनच तिकिटे काढायची. रोख नोटा तिथे फारशा कुणी वापरत नाही, सगळे मोबाईलवर, म्हणून त्यांचे पैसे देण्याचे अ‍ॅप इथूनच कार्डाला जोडून न्यायचे. गुगलचा नकाशा तिथे चालत नाही. पत्ते चिनी अक्षरांत छापून प्रत्येकाच्या खिशात ठेवायचे. चार दिवस पुरेत: एक मस्जिदीला, एक लिंगशानला, एक छनताईला, आणि संग्रहालयाला पूर्ण एक. हे म्हणतात की दगड बघायला दिवस कशाला. त्यांना बाहेर चहा पीत बसवू.

गेल्या रविवारी व्हिसाचे फोटो काढून परत येताना मुलीला घेऊन कब्रस्तानात गेले. वही आणि ब्रश बरोबर होता. शेवाळ काढून मोजले, एकूण सतरा कोरीव दगड अजून जमिनीवर आहेत. पाचांवरचे वाचता आले. एकावर फक्त 'बिन्ते' एवढेच उरले आहे, पुढचे नाव झिजले आहे. फोटो काढून मुलीने त्याला सहा नंबर दिला.