आकडा कधीचा?

मी नक्की काय काम करतो हे आजीला समजावून सांगायचा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला. म्हटलं, "आजी, अमेरिकेत विहिरी आहेत, त्यांच्यावर मी इथून कॉम्प्युटरवरून लक्ष ठेवतो." तांदूळ निवडता निवडता तिने विचारलं, "मग पाणी किती हाय?"

आता तिला काय सांगणार, की या विहिरी गॅसच्या आहेत आणि तिथे पाणी लागणं हेच मोठं दुखणं आहे! :)

उत्तर टेक्सासमध्ये फोर्टवर्थच्या आसपास, जमिनीखाली साधारण दोन-अडीच किलोमीटरवर बार्नेट शेल नावाचा खडक आहे. त्यातून गॅस येतो आणि सोबत पाणीही येतं. विहीर नवीन असते तोवर गॅसचा जोरच एवढा असतो की तो पाणी वर फेकून देतो. पुढे जोर कमी होतो, पाणी तळाशी साठतं आणि विहीर गुदमरते. मग पाइपमध्ये प्लंजर नावाचा एक दांडा सोडतात. वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, खाली दाब साठू द्यायचा, मग व्हॉल्व्ह उघडायचा. दाबाने प्लंजर वर येतो आणि डोक्यावरचं पाणी घेऊन येतो. हे दिवसातून कितीतरी वेळा. दर विहिरीपाशी माणूस कुठून उभा करणार? म्हणून तिथे एक डबा असतो. त्याला सोलर पॅनल, बॅटरी आणि रेडिओ, आणि आत आरटीयू, म्हणजे रिमोट टर्मिनल युनिट. तो दाब, तापमान आणि प्रवाह मोजतो, सर्व्हरने विचारलं की सांगतो, आणि हुकूम आला की व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. बाकी गाडी घेऊन फिरणारा एक माणूस असतो, त्याला तिकडे पंपर म्हणतात. आज कुठे जायचं, हे तो बरंचसं आमच्या आकड्यांवरून ठरवतो.

तर झालं असं की, फेब्रुवारी २०२१ मध्ये वर्क फ्रॉम होमच्या कृपेने मी सातारा जिल्ह्यात गावी होतो. माडीवर लॅपटॉप, खिडकीत हॉटस्पॉट, शिफ्ट दुपारी दोनची. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. तिकडच्या सकाळी सात वाजता, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसहाला, कोणत्या विहिरी चालू आणि कोणत्या बंद याचा रिपोर्ट जायचा. तो हाताने भरायचा कंटाळा, म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. टीममध्ये कौतुकही झालं होतं. (कॉलर ताठ वगैरे.)

१५ फेब्रुवारीला टेक्सासमध्ये थंडीने कहर केला होता. ओल्या गॅसमधलं पाणी पाइपात आणि व्हॉल्व्हमध्ये गोठत होतं. विहिरी बंद पडल्या, वीज केंद्रांना गॅस कमी पडायला लागला. ग्रिड वाचवायला वीज कापली, तर त्यात गॅसच्याच यंत्रणेची वीज गेली, कारण कित्येक ठिकाणांची 'इथली वीज तोडू नका' अशी नोंदच नव्हती. मग गॅस आणखी कमी! त्या पहाटे अख्खं ग्रिड कोसळायला फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे नंतर बाहेर आलं. ४५ लाख घरं अंधारात गेली. राज्याच्या आरोग्य खात्याने पुढे मृतांचा आकडा २४६ दिला.

यातलं मला त्या दिवशी फारसं काही माहीत नव्हतं. माझ्या रिपोर्टमध्ये बऱ्याच विहिरी बंद होत्या, पण एका भागातल्या १९ विहिरी मजेत चालू दिसत होत्या. मला तर बरंच वाटलं. पाठवला.

रात्री नऊच्या सुमारास पंपरचा फोन आला. एरवी तो आमच्याशी कधी बोलायचा नाही. आवाज शांत होता. म्हणाला, "तुझ्या कागदावर जी विहीर चालू आहे ना, तिच्यासमोर मी उभा आहे. पाइपवर बर्फ आहे आणि आवाज अजिबात नाही."

मी म्हटलं, "पण मला इथे ३१२ पीएसआय दिसतंय."

तो म्हणाला, "कधीचं?"

मी टाइमस्टॅम्प उघडून बघितला. तिकडच्या पहाटे दोनचा. त्या भागातल्या रेडिओ टॉवरची वीज गेली होती, मग बॅटरीही संपली होती. सर्व्हरने प्रत्येक आकड्यापुढे 'बॅड क्वालिटी' असं इमानदारीत लिहून ठेवलं होतं. माझी स्क्रिप्ट तो कॉलम वाचतच नव्हती. फक्त आकडा उचलायची. सात तास मी मेलेल्या विहिरींची नाडी मोजत बसलो होतो.

'या चालू आहेत' म्हणून त्याने त्या भागाकडे जाणं पुढे ढकललं होतं. बर्फातून आधी दुसरीकडे गेला होता, आणि वाटेत त्याची गाडी एकदा रस्त्यावरून घसरली होती. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, उशीर का झाला ते सांगितलं. माझ्या १९ विहिरींमुळे टेक्सास अंधारात गेलं नाही, एवढं मला कळतं. पण एक माणूस माझ्या कागदावर विश्वास ठेवून उणे तापमानात गाडी चालवत होता, आणि माझा कागद खोटा होता.

शिफ्ट संपवून अकराला खाली आलो. आबा मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन निघालेले. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. म्हटलं, "आबा, मोबाइल स्टार्टर बसवलाय ना? फोनवरूनच चालू करा की."

"केली की. मोटार चालू झाली म्हणतोय फोन."

"मग आता कुठे निघालात?"

"मोटार चालू झाली रे. पाणी आलंय असं कुठं म्हणतोय त्यो?"

मी निमूट चपला घातल्या. विहिरीवर मोटर घुमत होती आणि पाइपाला थेंब नव्हता. फूटव्हॉल्व्ह गळका, पाणी उतरून गेलेलं. आबांनी मोटर बंद केली आणि मला बादली आणायला लावली. पाइप भरून पुन्हा चालू करेपर्यंत साडेबारा झाले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सगळं खरं सांगितलं. बोलणी खाल्ली. स्क्रिप्ट बदलली. आता प्रत्येक आकड्यापुढे त्याची वेळ असते, आणि आकडा १५ मिनिटांपेक्षा शिळा असेल तर 'चालू' किंवा 'बंद' ऐवजी 'माहीत नाही' असं छापून येतं. पहिल्याच आठवड्यात क्लायंटकडून विचारणा झाली, की या रिपोर्टमध्ये इतके 'माहीत नाही' का? म्हटलं, आधीही तेवढेच होते.

पंपरचा पुन्हा फोन आला नाही. मी तो चांगला रिपोर्ट समजतो. अर्थात तोही आता शिळाच म्हणा.