सिग्नलला न दिसणारी गाडी

बल्लारपूरच्या माणसाला गावाची दोन नावं वागवावी लागतात. घरच्या पत्त्यावर बल्लारपूर, रेल्वेच्या तिकिटावर बल्हारशाह. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं हे मोठं जंक्शन. इथूनच एक फाटा मूल, नागभीडच्या जंगलातून गोंदियाला जातो. अशा गावात वाढल्यावर एक्स्प्रेस गाड्यांचं अप्रूप उरत नाही. मला अप्रूप होतं ते रुळांवरच्या सगळ्यात लहान गाडीचं, म्हणजे ट्रॉलीचं. चार चाकं, एक बाक, वर छत्री आणि हातानं ओढायचा ब्रेक. बाकावर पीडब्ल्यूआय साहेब (आजचे सेक्शन इंजिनिअर) रूळ तपासत बसणार. मागून दोन ट्रॉलीमन जेमतेम सात सेंटीमीटर रुंदीच्या रुळावर पावलं टाकत धावणार आणि वेग आला की उडी मारून मागे बसणार.

पुढे इंटरनेटवर तिची जगभरची भावंडं भेटली. कंबोडियात युद्धानंतर रेल्वे मोडकळीला आली, तेव्हा बटमबंगच्या लोकांनी दोन आसांवर बांबूचा तट्ट्या टाकला, छोटं इंजिन पट्ट्यानं जोडलं आणि माणसं, तांदूळ, जनावरं वाहायला सुरुवात केली. एकच रूळमार्ग असल्यानं समोरून दुसरी गाडी आली, की ज्याच्याकडे ओझं कमी त्यानं आपली गाडी सुटी करून बाजूला ठेवायची, असा तिथला रिवाज. मनिलात वस्तीतली मुलं चालू लोहमार्गावर लाकडी ट्रॉल्या पायानं रेटत प्रवासी नेत असत. कोलंबियात सान सिप्रियानो या जंगलातल्या गावी लाकडी गाड्याला मोटारसायकल जोडतात. तिचं मागचं चाक रुळावर फिरतं आणि सगळा गाडा पुढे जातो.

अशी गाडी घरी बनवता येते, कारण अर्धं काम रुळानं आधीच केलेलं असतं. दिशा रूळ देतो, म्हणून सुकाणू लागत नाही. लोखंडावर लोखंडाचं चाक इतकं कमी घर्षणानं फिरतं, की एका माणसाचा रेटाही पुरतो. पण त्याच कारणानं ती लवकर थांबत नाही. म्हणून या सगळ्या गाड्यांचा खरा ब्रेक एकच: त्या उचलून बाजूला ठेवता येतात. आमची ट्रॉलीही चौघांनी उचलण्याजोगीच असते.

आपल्याकडे हौसेनं असं काही रुळावर घातलं, तर 1989च्या रेल्वे कायद्याचं 147वं कलम आहे, आणि ते असायलाच हवं. या मार्गांवरून मालगाड्या सतत धावत असतात. त्यामुळे असल्या गाडीचा अधिकृत अवतार तेवढा आपल्या वाट्याला आला. तिच्यातली एक गोष्ट मात्र मला इंजिनिअरिंग शिकल्यावरच नीट समजली.

ट्रॅक सर्किट असलेल्या मार्गावर दोन्ही रुळांतून सौम्य वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी आली, की तिचा लोखंडी आस दोन्ही रूळ जोडतो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. ट्रॉलीच्या चाकांना मात्र मुद्दाम विद्युतरोधक बसवलेला असतो. नाहीतर तपासणीला निघालेली प्रत्येक ट्रॉली सिग्नल लाल करून मागची वाहतूक अडवेल. हिशेब बरोबरच आहे. फक्त त्याचा अर्थ असा, की ट्रॉलीवर पाच माणसं असतात आणि सिग्नलच्या लेखी रूळ रिकामा असतो.

आमच्या शेजारचे काका ट्रॉलीमन म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना हे सर्किट समजावू लागलो, तर ते म्हणाले, "सिग्नलले आपण दिसत नाही, हे मले नोकरीच्या पयल्या दिवशी सांगतलं होतं बाबू. मंग कान उघडे ठेवा लागते." वर्धा नदीच्या पुलावर ते वाऱ्याला शिव्या घालत, कारण वाऱ्यात गाडीचा आवाज हरवतो. अशा लांब पुलांवर ट्रॉली उचलून ठेवायला बाजूला जागा केलेल्या असतात. दोन जागांमधलं अंतर ते पावलांत मोजत.

गोंदियाच्या फाट्यावर तर दोन्ही बाजूंनी झाडी आणि मधेमधे वळणं. नोव्हेंबर 2018 मध्ये याच मार्गावर, चंद्रपूरजवळच्या जंगलात, वाघाचे तीन बछडे गाडीखाली गेले. सिग्नलच्या लेखी तेही रुळावर नव्हतेच.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडेही स्क्रीनवर जे दिसत नाही ते घडतच नाही, असं धरून चालायची सवय लागते. रेल्वेनं काही विभागांत रुळांवरच्या कामगारांना, गाडी जवळ आल्याची सूचना देणारं 'रक्षक' नावाचं यंत्र द्यायला सुरुवात केली आहे. गाडी न अडवता माणसाला सावध करणारं हे उत्तर मला पटतं. ते प्रत्येक ट्रॉलीवर आणि एकट्यानं रूळ तपासत चालणाऱ्या प्रत्येक कीमनकडे पोचायला हवं. काकांची नोकरी कानांवर निभावली. आता त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.