नवमीच्या आदल्या रात्री

वेंगुर्ला,
भाद्रपद वद्य अष्टमी

प्रिय सौ.,

उद्या अविधवा नवमी. अहेव गेलेल्या बायकांचा दिवस, म्हणजे तुझा. सवाष्ण म्हणून धाकटी वहिनी जेवायला येईल. खण-नारळ तिनंच आणवला, साडी मात्र मी निवडली, हिरवी. हे सगळं चारचौघांत करायचं आहे. रात्रीचं जे आहे ते कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुला लिहितो.

सुरंगीचा वास येतो. सुरंगी फुलते शिमग्याच्या आगेमागे. आता झाडावर कळीसुद्धा नाही. तरी पहाटे माजघरात कुणी नुकताच वळेसर माळल्यासारखा दरवळ उठतो आणि मागच्या उंबऱ्याशी विरतो. मग विहिरीवर बांगड्या वाजतात. मी उठत नाही. भीतीनं नव्हे, उठलं की सगळं थांबतं.

चुलतभावाच्या कानावर थोडंसं गेलं, तर म्हणाला, "तिका वाट दाखवूक व्हयी. घाड्याक बोलवया." त्याच्या मनात जखीण आली, हे मला कळलं. विधवा गेली तर लावसट, मन गुंतलेली सवाष्ण गेली तर जखीण. बाई मेल्यावरही आपण तिचं कुंकू बघतो! दिवसा जिच्या नावानं ओटी भरायची, रात्री तिच्याच नावानं उंबऱ्याला खिळा ठोकायचा, याचा मला मनापासून संताप येतो. घाड्याला मी बोलावणार नाही.

तुला नेलं तेव्हाही हेच. खांद्यावरचं मडकं, अश्म्यानं त्याला पाडलेली भोकं, पाठीवरून गळणारं पाणी, आणि शेवटी सगळ्यांची एकच ताकीद: मागे बघू नको. घरी आलो तर तू जिथे गेलीस तिथे पणती तेवत होती, शेजारी पीठ पसरून वर टोपली झाकलेली. सकाळी बायका वाकून बघू लागल्या, कसलं पाऊल उमटलंय, पुढचा जन्म कोणता. कुणी म्हणालं पाखराचं. मला तुझा डावा पाय दिसला, शेजारच्या बोटावर चढलेल्या करंगळीसकट. मी बोललो नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळे चुळबुळू लागले. मला मात्र बरं वाटलं. तुझं काहीतरी अजून इथे अडकलं होतं.

गेलेलं माणूस असं जाणवणं माझ्या एकट्याचं नाही. डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समधल्या 293 विधवा-विधुरांशी बोलून 1971 साली आपला अभ्यास छापला. निम्म्याच्या जवळपास लोकांना गेलेला जोडीदार जाणवत होता. बहुतेकांना नुसतं त्याचं असणं, काहींना दिसणं, काहींना आवाज. बहुतेकांना त्याचा आधार वाटत होता, आणि बहुतेकांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. तिथे ना घाडी, ना जखीण. हे वाचल्यापासून बांगड्या वाजल्या की मी नीट ऐकतो, कानावर पांघरूण ओढत नाही.

मध्यंतरी आरवलीला जाऊन आलो. वेतोबा भुतांचा धनी. रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात आणि त्या झिजतात असं सांगतात. मी केळ्यांचा घड ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं: वाटेत माझी बाई भेटली तर तिला अडवू नको, तिला आमच्या घराकडे येऊ दे. पुजाऱ्यानं ऐकलं असावं. त्यानं खाली बघितलं आणि प्रसादाचं केळं दोनदा माझ्या हातावर ठेवलं.

अविधवा नवमी नवरा असेपर्यंतच करायची, ही आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. माझ्यानंतर हा दिवस बंद होईल. मुलगा माझ्या तिथीला पान वाढील आणि तुझं नाव माझ्याबरोबर घेईल. तोवर येत जा. उद्या पानावर अळूचं फदफदं आणि तांदळाची खीर आहे, वेळेवर ये.

तुझाच